इंग्रजीत हसताना

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘माहिती तंत्रज्ञान आणि आजची पिढी’ असा विषय सुचवला होता. मी म्हटलं, या विषयातला एकेक तज्ज्ञ आपल्या प्रत्येकाच्या घरात बसलेला आहे. तो आठवीत आहे आणि आपला मोबाइल आपल्याला परत देत नाही. म्हणून मी विषय बदलून मागितला. आज मी पी. जी. वुडहाऊस या इंग्रज विनोदी लेखकाबद्दल बोलणार आहे. पाबळच्या शाळेच्या मेळाव्यात त्याचं काय काम, असं कोणाला वाटत असेल तर पंधरा मिनिटं धीर धरा. काम आहे.

आपल्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. दहावीपर्यंत आपण इंग्रजीचा काळ बदलला, प्रयोग बदलला, रिकाम्या जागा भरल्या. मार्कही बरे पडले. पण इंग्रजी ही कोणाच्या तरी घरात बोलायची, भांडायची, चेष्टा करायची भाषा आहे, हे मला कधी खरं वाटलंच नाही. मला वाटायचं, इंग्रज लोक सकाळी उठून कर्तरीचं कर्मणी करत असतील. इंग्रजी म्हणजे परीक्षा, आणि परीक्षेत कोणी हसत नाही.

मग इंजिनीअरिंगला गेले. तिथे सगळंच इंग्रजीत. वर्गात पुण्या-मुंबईची मुलं होती. त्यांना गाव सांगितलं की म्हणायची, “पाबळ? म्हणजे मस्तानीची समाधी आहे तेच ना?” आणि मस्तानी म्हटलं की त्यांना आइस्क्रीम आठवायचं. एवढ्यावर माझी ओळख संपायची, कारण पुढचं बोलणं इंग्रजीत असे. गणित मला येत होतं, प्रोग्रामिंग येत होतं. तोंड उघडायला येत नव्हतं.

तो काळ इंटरनेट कॅफेचा होता. तासावर पैसे मोजून आपण संगणकासमोर बसायचो. गूगलचं नाव अजून घरोघरी झालेलं नव्हतं. ‘आस्क जीव्हज’ नावाचं एक संकेतस्थळ होतं, १९९६ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या एका कंपनीचं. त्यावर कोट घातलेल्या, अदबीनं उभ्या असलेल्या एका गृहस्थाचं चित्र असायचं. त्याला प्रश्न विचारायचा, तो उत्तर शोधून आणायचा. मी एका मैत्रिणीला विचारलं, हा जीव्हज कोण? ती म्हणाली, गोष्टीतला नोकर आहे, वुडहाऊसच्या. पुढे अप्पा बळवंत चौकाजवळ जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्या नावाचं एक पुस्तक सापडलं. स्वस्त होतं, म्हणून घेतलं. माझ्या इंग्रजी वाचनाची खरी सुरुवात ही अशी.

आता थोडं या माणसाबद्दल. पेल्हम ग्रेनव्हिल वुडहाऊसचा जन्म १५ ऑक्टोबर १८८१ चा, इंग्लंडमधल्या गिल्डफर्डचा. वडील हाँगकाँगला दंडाधिकारी होते. आईवडील तिकडे आणि मुलं इकडे, वसतिगृहात आणि आत्या-मावश्यांच्या घरी. त्याच्या गोष्टींत आई-वडील फारसे का नाहीत आणि दरडावणाऱ्या आत्या इतक्या का आहेत, याचं उत्तर बहुतेक इथेच आहे. वडिलांचं निवृत्तिवेतन रुपयांत मिळायचं, आणि त्या काळात रुपयाचा भाव सारखा खाली-वर व्हायचा. धाकट्या मुलाला ऑक्सफर्डला पाठवणं परवडेना, तेव्हा १९०० साली त्याला लंडनच्या हाँगकाँग अँड शांघाय बँकेत चिकटवलं. कांद्याचा भाव पडला म्हणून आपल्यापैकी कोणाकोणाचं कॉलेज हुकलं, ते आठवून पाहा. साहेबाच्या देशातल्या मुलाचंही असंच झालं होतं, आणि तेही आपल्या रुपयापायी.

दोन वर्षांत त्यानं बँक सोडली आणि पुढे सत्तरहून अधिक वर्षं तो लिहीत राहिला. नव्वदच्या वर पुस्तकं झाली. १४ फेब्रुवारी १९७५ ला, ९३ व्या वर्षी, तो वारला, तेव्हा रुग्णालयातही नव्या कादंबरीचं काम चालू होतं.

त्याच्या दोन दुनिया सर्वांत गाजल्या. एक बर्टी वूस्टर आणि जीव्हज यांची. बर्टी हा पैसेवाला, मनानं चांगला, डोक्यानं जेमतेम असा तरुण. जीव्हज त्याचा नोकर. बर्टी दर गोष्टीत गळ्यापर्यंत अडकतो आणि जीव्हज त्याला आवाज न चढवता बाहेर काढतो. जीव्हज हे नाव वुडहाऊसनं पर्सी जीव्हज नावाच्या एका क्रिकेट खेळाडूवरून घेतलं. तो बिचारा पहिल्या महायुद्धात, १९१६ साली मारला गेला. नाव मात्र जगभर झालं.

बर्टी सर्वांत जास्त घाबरतो तो आपल्या ‘आंट’ला. इंग्रजीत मावशी, आत्या, काकू, मामी सगळ्या एकाच शब्दात बसवलेल्या. मी वाचताना अडले, की ही नक्की कोण? मावशी असेल तर इतकी दरडावणार नाही. मग लक्षात आलं, बर्टीच्या अगाथा आणि डेलिया या दोघी त्याच्या वडिलांच्या बहिणी. म्हणजे आत्या! एकदम उलगडा झाला. भाच्याचं लग्न कोणाशी व्हावं, त्यानं कोणते कपडे घालावेत, त्याच्या आयुष्याचं वाटोळं कसं झालं, या सगळ्यावर शेवटचा शब्द आत्याचाच. इथे बसलेल्या सगळ्या आत्यांना नमस्कार करून पुढे जाते.

दुसरी दुनिया ब्लँडिंग्जच्या गढीची. तिथला मालक लॉर्ड एम्सवर्थ म्हातारा, विसराळू आणि आपल्या डुकरिणीवर जीव टाकणारा. डुकरिणीचं नाव ‘एम्प्रेस ऑफ ब्लँडिंग्ज’, म्हणजे महाराणी. १९२७ सालची एक गोष्ट आहे. कृषी प्रदर्शन तोंडावर आलेलं आणि डुकरिणीचं सगळं बघणारा गडी दारू पिऊन दंगा केल्यामुळे तुरुंगात. महाराणी खाणं सोडते. त्याच वेळी घरात भाचीनं ठरलेलं लग्न मोडून दुसऱ्याच मुलाशी लग्न करायचा हट्ट धरलेला. बहीण येऊन लॉर्डसाहेबांना सांगते, काहीतरी करा. साहेबांच्या डोक्यात एकच गोष्ट, डुकरीण खात नाही! शेवटी कळतं की भाचीचा तो नापसंत मुलगा अमेरिकेत शेतावर काम करून आलाय आणि डुकरांना खायला बोलवायची खास हाक त्याला येते. मालक, भाची आणि भारदस्त बटलर, तिघं रांगेत उभे राहून डुकरिणीला हाका घालतात. ती ढिम्म. मग तो मुलगा येऊन हाक देतो, आणि खाण्याचा आवाज सुरू होतो. प्रदर्शनात तिला रुपेरी पदक मिळतं.

ही गोष्ट मी राजगुरुनगरच्या स्थानकावर पाबळच्या एसटीची वाट बघत वाचली आणि मोठ्यानं हसले. शेजारच्या आजी दचकल्या. म्हणाल्या, “काय गं, बरी आहेस ना?” मी त्यांना गोष्ट मराठीत सांगितली. त्यांना लॉर्ड म्हणजे कोण हे सांगावं लागलं. डुकरीण खात नाही म्हणून माणसाला भाचीचं लग्न सुचत नाही, हे मात्र सांगावं लागलं नाही. त्या म्हणाल्या, “आमच्याकडे बैलानं वैरण सोडली तर मालकबी जेवत नाही.” आपल्या शिरूर-खेड-आंबेगावात बैलगाड्याचे बैल ज्या दावणीला आहेत, तिथे एम्सवर्थला कोणी परका समजणार नाही. २०१४ साली शर्यतींवर बंदी आली आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं तो प्रश्न मिटवला. मधल्या वर्षांत शर्यत नसतानाही बैलांना लेकरासारखं सांभाळणारी घरं आपण पाहिली आहेत.

त्या दिवशी माझ्यात एक फरक पडला. मी इंग्रजीत हसले होते. कोणी अर्थ सांगितला नव्हता, प्रश्नाखाली गुण लिहिलेले नव्हते. त्या पुस्तकातले निम्मे शब्द मला अडले, शेक्सपिअर आणि बायबलचे दाखले तर डोक्यावरून गेले. पण ज्या भाषेत आपण हसलो, तिची भीती पूर्वीइतकी राहत नाही. भाषा समजणं ही एक पायरी. भाषेतली चेष्टा समजणं ही वरची पायरी, आणि आपण स्वतः चेष्टा करणं ही त्याच्याही वरची. त्यानंतर काही महिन्यांनी मी वर्गात इंग्रजीतून पहिला विनोद केला. तो फारसा चांगला नव्हता. पण दोघं-तिघं हसले, आणि मला वाटलं, आता इथे माझीही जागा आहे.

हसण्यानं आणखी एक भीती गेली. ती म्हणजे मोठ्या माणसांची. लॉर्ड, जहागीरदार, मोठे साहेब, सगळे वुडहाऊसकडे आपल्यासारखेच वेंधळे असतात. त्या घरात सर्वांत हुशार माणूस चहा घेऊन येणारा नोकर असतो. शेतमजुराच्या, गवंड्याच्या, एसटी कंडक्टरच्या घरातून आलेल्या मुलांनी हे जरूर वाचावं. पहिल्यांदा परदेशी ग्राहकांबरोबरच्या बैठकीत बसले, तेव्हा समोरचे सगळे बर्टीचे चुलतभाऊ आहेत असं मी मनात धरलं. बरंच सोपं गेलं.

इंजिनीअर म्हणून मला त्याची दुसरी बाजूही दिसते. विज्ञान आश्रमातले घुमट आपण लहानपणापासून पाहत आलो. डॉ. कलबाग सरांनी १९८३ साली पाबळला काम सुरू केलं आणि हातानं करत करत शिकायचं हे या गावात रुजवलं. त्या घुमटात मध्ये एकही खांब नाही. त्रिकोणाला त्रिकोण जोडलेला, प्रत्येक दांडी दुसरीचा भार घेणारी. वुडहाऊसची गोष्ट तशी बांधलेली असते. पहिल्या पानावर गड्याला तुरुंगात टाकलं नसतं तर डुकरीण उपाशी राहिली नसती, ती उपाशी नसती तर हाक लागली नसती, हाक लागली नसती तर लग्न जमलं नसतं. एकही दांडी फुकट नाही. आणि हे सहज होत नव्हतं. एका कादंबरीसाठी तो शेकडो पानांची टिपणं आधी काढायचा. लिहिलेली पानं भिंतीवर टाचायचा. जे पान जमलं ते वर, जे कच्चं ते खाली. सगळी पानं वर चढेपर्यंत पुन्हा पुन्हा लिहायचा. आमच्याकडे कोड तपासायची पद्धत याहून फार वेगळी नाही. वाचणाऱ्याला जे हलकं वाटतं ते करणाऱ्याला जड गेलेलं असतं, हे आपल्या शिक्षकांना मी सांगायला नको.

आता आपल्या भाषेकडे वळते. इंग्रजी विनोद वाचून मराठी माणूस बिघडत नाही, उलट त्याला आपली माणसं नीट दिसायला लागतात. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘सुदाम्याचे पोहे’ लिहायला घेतले. इंग्रजी विनोद त्यांच्या वाचनात होता, पण पोहे आपले होते. चिं. वि. जोशी बडोद्याला पाली शिकवणारे विद्वान. त्यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ दिले. आणि पुलंना तर वुडहाऊस फार प्रिय. पण पुलंनी मराठीत गढ्या आणि लॉर्ड आणले नाहीत. त्यांनी बटाट्याची चाळ आणली, अंतू बर्वा आणला, कोकणातल्या एसटीपुढे आलेली म्हैस आणली. दुसऱ्याच्या अंगणातलं हसू बघून यायचं आणि मग आपल्या अंगणाकडे नीट बघायचं, हे त्यांच्याकडून शिकावं.

इथपर्यंत सगळं गोड झालं. पण वुडहाऊसची गोष्ट इथे संपत नाही, आणि उरलेला भाग सांगितला नाही तर तुमच्याशी प्रामाणिक राहणार नाही.

दुसऱ्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये राहत होता. १९४० साली जर्मनांनी त्याला पकडून छावणीत ठेवलं. १९४१ च्या जूनमध्ये, साठ वर्षं पूर्ण होण्याआधी काही महिने, त्याला सोडून बर्लिनला आणलं. तिथे जर्मन नभोवाणीवरून त्यानं अमेरिकेतल्या वाचकांसाठी पाच भाषणं दिली. विषय, छावणीतला आपला अनुभव. नेहमीसारखाच गमतीदार. त्यात नाझींची स्तुती नव्हती. पण त्या वर्षभरात लंडनवर बॉम्ब पडले होते, माणसं ढिगाऱ्याखाली गेली होती, आणि हा माणूस शत्रूच्या माइकवर बसून तुरुंगाची गंमत सांगत होता. इंग्लंडमध्ये संतापाची लाट उसळली. वर्तमानपत्रांनी, नभोवाणीनं त्याला देशद्रोही ठरवलं. काही ग्रंथालयांनी त्याची पुस्तकं काढून टाकली. पुढे सरकारी चौकशीत देशद्रोहाचा खटला भरण्यासारखं काही निघालं नाही. जॉर्ज ऑर्वेलनं १९४५ साली लेख लिहून त्याची बाजू मांडली. मूर्खपणा झाला, पण गद्दारी नव्हे, असा त्याचा सूर होता. १९७५ च्या सुरुवातीला राणीनं त्याला ‘सर’ केलं. पण युद्धानंतर तो इंग्लंडला परत गेला नाही तो नाहीच. अमेरिकेतच राहिला आणि तिथेच गेला.

मी या प्रसंगाचा खूप विचार केला आहे. त्याचे शब्द निर्मळ होते, हे मला मान्य आहे. पण माइक कोणाचा आहे, तो आपल्या हातात आत्ताच का दिला, हे त्यानं विचारलं नाही. हसण्यानं भीती जाते. कधी कधी त्याच हसण्यानं ज्याची भीती वाटायला हवी तोही निरुपद्रवी दिसायला लागतो. जर्मनांना नेमकं तेच हवं होतं.

वुडहाऊस गेला त्याच वर्षी, २५ जून १९७५ ला, आपल्याकडे आणीबाणी आली. त्याच्या आदल्याच वर्षी पुलं इचलकरंजीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. महाराष्ट्राचं सगळ्यात लाडकं माणूस. गप्प बसले असते तर कोणी त्यांना काही म्हटलं नसतं. विनोदी लेखकाकडून कोण काय अपेक्षा करतो? पण १९७७ च्या निवडणुकीत हा माणूस सभेच्या व्यासपीठांवर उभा राहिला आणि आणीबाणीच्या विरोधात बोलला. लोक हसले आणि हसता हसता त्यांची भीती गेली. निवडणूक झाल्यावर पुलंनी काही पद मागितलं नाही. आपल्या लिहिण्याकडे परत आले. गुरू आणि चाहता यांच्यात मला इथे फरक दिसतो. विनोद दोघांचाही निर्मळ. पण आपण कोणाच्या माइकवर बोलतोय हे पुलंना ठाऊक होतं.

हे सांगायचं कारण, आज माइक आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. मी ज्या धंद्यात आहे, तो धंदाच असे माइक बनवायचा आहे. सकाळी आपल्या वर्गाच्या गटावर विनोद येतात. कोणाच्या तरी जातीवर, कोणाच्या तरी धर्मावर, कोणाच्या तरी बायकोवर. आपण हसतो आणि पुढे पाठवतो. मी तुम्हाला हसू नका म्हणणार नाही, निदान आजच्या भाषणात तर नाहीच. एवढंच म्हणते, पाठवण्याआधी विचारा, हा माइक कोणाचा आहे आणि या हसण्यानं भीती कोणाची कमी होणार आहे, कोणाची वाढणार आहे.

आता ज्या कामासाठी वुडहाऊसला पाबळला आणलं ते सांगते. माझ्या हाताखाली दरवर्षी नवे इंजिनीअर येतात. तालुक्याच्या गावांतून आलेल्या मुला-मुलींचं काम बहुतेक वेळा उत्तम असतं. पण बैठकीत ती खाली मान घालून बसतात. उत्तर माहीत असतं, ओठापर्यंत येतं, आणि तिथेच थांबतं. दुसरा कोणीतरी तेच उत्तर चुकीच्या इंग्रजीत पण मोठ्या आवाजात देतो आणि शाबासकी घेऊन जातो. या मुलांना व्याकरणाचा आणखी एक क्लास लावून काही होणार नाही. त्यांना त्या भाषेत एकदा तरी पोट धरून हसायला मिळायला हवं.

म्हणून माझी सूचना आहे. या मेळाव्याच्या शिल्लक निधीतून शाळेच्या वाचनालयात एक कपाट विनोदाचं असावं. त्यात चिं. वि. जोशी असावेत, पुलं असावेत, शंकर पाटील, द. मा. मिरासदार असावेत, आपल्या खेड्यातल्या माणसावर ज्यांनी माया करून हसवलं ते सगळे असावेत. त्याच्या शेजारी सोप्या इंग्रजीतल्या विनोदी गोष्टी असाव्यात, आणि वरच्या फळीवर चार-पाच वुडहाऊस. कपाटाला कुलूप नको. पुस्तक वाचल्यावर सारांश लिहून आणायला सांगू नये, ही गुरुजनांना हात जोडून विनंती. वाचताना मूल हसलं, तर त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले असं धरावं. पहिल्या फळीची पुस्तकं मी देते. बाकीच्या फळ्या तुमच्या. ज्याला पुस्तक द्यायचं त्यानं चहाच्या वेळी माझ्याकडे नाव लिहून द्यावं. यादी माझ्याजवळ आहे, आणि मी पाबळची असल्यामुळे वसुली चोख असते.

सर, बाई, आपण आम्हाला इंग्रजीची पहिली अक्षरं गिरवून घेतली. ती नसती तर वुडहाऊस रद्दीतच राहिला असता.